तीन बोटं ढील

"तू बाजूला हो गं. हे बायकांचं काम नाही," हितेंद्र म्हणाला, आणि तेच पुन्हा भोंग्यातून म्हणाला. मालन त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती.

काळाचौकीच्या मैदानात गणपतीच्या मांडवासाठी मातीची भर घालायची होती. चिखल असा, की मालनचा छोटा लोडर सकाळीच चाकं रुतून बसला होता. कसाबसा गेटजवळच्या काँक्रीटवर आणला, तेव्हा मालकाने, रघुवीरशेठने, लोखंडी पट्टे पाठवले. एका बाजूच्या दोन्ही टायरांवरून एक पट्टा गुंडाळायचा, टोकं जुळवून पिन घालायची. की लोडर रणगाड्यासारखा चिखलावरून चालतो. उजवा पट्टा मालनने एकटीने बसवला. दीड तास लागला. तेवढ्यात मंडळाचा धीर संपला.

मंडळ म्हणजे सरचिटणीस हितेंद्र, त्याचे पांढरे बूट, आणि पाठीवर त्याचाच फोटो छापलेले टी-शर्ट घातलेले पंचवीस कार्यकर्ते.

"डाव्या पट्ट्याला दोरी बांधा रे!" हितेंद्रने हुकूम सोडला.

"ओढून ताणायचा नसतो तो," मालन म्हणाली. "वर, दोन टायरांच्या मधे, तीन बोटं ढील लागते."

"बावीस फुटी मूर्ती ओढत नेतो आम्ही चौपाटीपर्यंत. आणि तू आम्हाला ओढायला शिकवणार?"

पंचवीस जण हसले. मग पंचवीस जण दोरीला लागले. "मोरया!" म्हणत असे मागे रेलले की टायर दबले, टोकाला टोक भिडलं, भिडून पुढेही गेलं, आणि पिन आत बसली. एक अख्खी कडी उरली. हितेंद्रने ती सोडवली आणि कबड्डीचा चषक मिळाल्यासारखी उंच धरली.

"ही बघा ताकद! बनवणाऱ्याला मोजता येत नाही, एक कडी जास्तीची दिलीय."

फोटो निघाला. स्टेटसवर चढलासुद्धा.

मालनने पट्ट्यावर हात फिरवला. तापवलेला ताशा बरा. तीन बोटं सोडाच, आत विजेचं बिलही सरकलं नसतं.

"असा चालवला तर चाकं फिरवणारी आतली चेन तुटेल. मी बसणार नाही."

हितेंद्रने लगेच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. रघुवीरशेठचा आवाज आला, "मालन, मंडळाची माणसं आहेत, त्यांना नाही म्हणायचं नाही. आणि मशीनला काही झालं, तर उद्यापासून सीटवर सुशांत बसेल."

फोन बंद. ती सीट मिळायला मालनला चार वर्षं लागली होती. सुशांतला फक्त शेठचा भाचा असावं लागलं.

तिने चावी काढून खिशात टाकली. "मी नाही म्हणतच नाही. पिन काढा, ढील द्या, की बसते."

"काढा रे! होऊ दे हिच्या मनासारखं!"

पिन निघेना. हातोडा आला, मग मोठा हातोडा आला. एक जण अंगठा तोंडात घालून बाजूला बसला. कुणीतरी समईतलं तेल आणून ओतलं. कुणी म्हणालं, उलट्या बाजूने ओढू. उलट्या बाजूने ओढलं. हितेंद्र भोंग्यातून "जोर लावा" एवढंच सांगत होता, पण मनापासून सांगत होता.

समोरच्या चाळीच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या नलूमावशीने वरूनच मालवणीत हाक दिली, "गो मालन, ह्येंका घराक धाड मगे. आवशी वाट बघत आसतले ह्येंच्ये!"

मालन कठड्यावर बसून चपाती-भाजी खात होती. तिने सावकाश डबा संपवला, पाणी प्यायली, हात धुतले. मग डाव्या बाजूच्या दोन्ही टायरांच्या नळ्यांची टोपणं काढून तिने चावीच्या टोकाने हवा सोडली. टायर फुसफुसत खाली बसले. पिन तिने दोन बोटांनी बाहेर काढली.

तिने हितेंद्रसमोर हात पसरला.

"कडी."

त्याने दिली.

कडी जोडली, पिन घातली, सीटमागच्या पंपाने हवा भरली. पट्ट्याच्या झोळात तीन बोटं धरून बघितली. बरोबर.

"अगं, मग आधी सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं. माझ्याकडे भोंगा नव्हता."

ती सीटवर बसली. एक फेरी अगदी हळू मारली. कान आतल्या चेनकडे, श्वास धरलेला. घासल्याचा आवाज नाही. कट्‌कन तुटल्याचा नाही. दुसऱ्या फेरीला तिने श्वास सोडला आणि लोडरची पुढची बादली मातीने भरून घेतली.

मैदानाच्या मधोमध हितेंद्र टी-शर्टवाल्यांना मागे उभं करून व्हिडिओ काढून घेत होता. एका हातात भोंगा, दुसऱ्या हातात फोन होताच. "काम झालं, शेठ. मशीन एकदम ओके. बाई चांगली आहे तुमची, फक्त जरा समजावून सांगावं लागतं."

लोडर खडखडत आला आणि त्याच्यापासून चार पावलांवर थांबला. मालनने हॉर्न दिला नाही. ती नुसती थांबून राहिली.

"काय गं? दिसत नाही, शूटिंग चाललंय?"

"सरका, साहेब," ती म्हणाली. "सगळ्यात मोठा खड्डा तुम्ही उभे आहात तिथे आहे."