मालूने वाचलेलं पान

"हे असं लिहिलेलंच नाही, नाथाभाऊ," बाई म्हणाल्या आणि चित्रांचं पुस्तक त्यांनी झोपडीसमोरच्या बाजल्यावर उघडं ठेवलं.

बाई मूळच्या रोह्याच्या. शाळा सुटल्यावर चपला हातात घेऊन बांधाबांधाने मिठागरावर आल्या होत्या. नाथाने घाईघाईने खारे हात सदऱ्याला पुसले. बाई एवढी पायपीट करून येतात ते काही पोरीचं कौतुक करायला नव्हे, हे त्याला कळत होतं. सात वर्षांची रंभा बापाच्या आड उभी होती.

"वाच बरं, रंभा."

रंभाने चित्रावर बोट ठेवलं आणि घडाघडा म्हणाली,

"रास गो रास, मिठाची रास,
बाबा येतील घरा, डोला झाक जरा."

"ऐकलंत? वर्गातही हेच. इथे लिहिलंय, बर्फ पडला भुरुभुरू, अस्वल लागलं कुरकुरू. ही आपली चित्र बघते आणि मनचं ठोकून देते. विचारलं तर म्हणते, आईने असंच वाचलंय. वाचताच येत नसेल तर पोरीला पुन्हा पहिलीतच बसवावं लागेल मला."

रंभाची आई मालू कार्तिकात वारली. जाताना नवऱ्याकडे तिने एकच गोष्ट मागितली होती, पोरीला मिठात उतरवू नका. आणि मिठागरावरची पोर एकदा शाळेत मागे पडली की तिच्या डोक्यावर मिठाची पाटी यायला वेळ लागत नाही.

शाळेत हेच पुस्तक लागतं असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा मालूने ते पेणच्या बाजारातून आधीच आणून ठेवलं होतं. दुपारच्या वेळी पोरीला मांडीवर घेऊन ती वाचत बसायची. नाथा तेव्हा उन्हात मीठ ओढत असायचा. ती काय वाचते, हे त्याने आज पहिल्यांदा ऐकलं.

त्याने वाकून चित्र पाहिलं. पांढराशुभ्र ढीग. मालूने बर्फ जन्मात पाहिला नव्हता. पांढरा ढीग म्हणजे मीठच, दुसरं काय असणार? आणि ढिगापाशी दोन पायांवर उभं असलेलं ते काळंकुट्ट, केसाळ जनावर? त्याचा तिने सरळ नवरा करून टाकला होता. नाथाला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले, तसं त्याने तोंड खाडीकडे फिरवलं. बाईंना काही कळेना.

मालूला किती वाटायचं, पोरीला कळू नये की आपण अडाणी आहोत. पण आता ते झाकून ठेवलं तर पोरीचं वर्ष जात होतं. नाथा उकिडवा बसला आणि त्याने रंभाचे दोन्ही हात धरले.

"रंभे, तुज्या आयशीला वाचता येत नव्हतं गो. ती चित्र बघून बोलायची. तू आता बाई शिकवतात तसं वाच."

बोलून गेला, आणि मेलेल्या बायकोची चहाडी केल्यासारखं त्याला झालं.

रंभा रडली नाही. तिने पुस्तक उचललं, चित्रावरचं बोट खालच्या ओळीवर आणलं आणि सावकाश वाचलं, "बर्फ पडला भुरुभुरू, अस्वल लागलं कुरकुरू." पान उलटून तिने पुढचंही वाचलं. त्याच्या पुढचंही. कुठे अडखळली नाही.

"अगं, येतंय की तुला चांगलं!" बाई म्हणाल्या. "मग वर्गात का नाही वाचलंस?"

रंभा बाईंकडे बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती.

"ह्ये तर वर्गातल्या सगल्यांच्या पुस्तकात हाय, बाबा," ती म्हणाली. "आयचं कुठं हाय?"