सृष्टीचा पॉवर प्ले

"पोरी, आपल्या लेकराला आकड्यांत जोखू नगंस, जिवाला घोर लागंल," असं सासऱ्यांनी, नाथाजीमामांनी बजावलं, तेव्हा भार्गवी हसली होती. संख्याशास्त्रात एमएस्सी झालेली बाई ती! लेक सृष्टी साताऱ्याच्या रोलर हॉकी संघात खेळायची आणि हिच्या मांडीवर वही. समोरच्यांची एक पोरगी शिक्षा म्हणून दोन मिनिटं बाहेर बसली, की आपल्या पोरी एकीनं जास्त. अशा पॉवर प्लेत कोण असताना किती गोल होतात, ते संघाच्या प्रशिक्षक सरांना हवं होतं. त्यावरूनच सांगलीच्या सामन्याचा संघ ठरणार होता.

सृष्टी नसताना दहा पॉवर प्लेत चार गोल. सृष्टी असताना दहात शून्य.

"अगं, आम्ही इकडे घसा फोडतोय आणि गोल सोडून तू त्या कठड्यापाशी काय करतेस?" भार्गवी कावली.

"आई, ती बाहेर बसवलेली एकटीच रडत असते गं. मग मी तिच्याशी बोलते."



भार्गवीनं आकडे होते तसेच सरांना दिले. तेव्हा रविवारी सांगलीत विश्रामबागला सामना बघायला जाणार असाल, तर राखीव बाकावरच्या सृष्टीची तेवढी विचारपूस करून या.