पेडलवरचा पाय

संहिताने सेलोवरून गज उचलला, तरी शेवटचा सूर बंद पियानोत घुमत राहिला. पियानोचं पेडल कुणी पायाने दाबून धरलं तरच असं होतं. पण हॉलमध्ये ती एकटीच होती.

"इंदूरमध्ये सेलो कोण ऐकतंय, यार," म्हणत पियानोवाला विक्रांत साथ सोडून गेला, तेव्हा तिने हट्टाने दोघांच्या आवडत्या विसाव्या शतकातल्या संगीतकाराची नुसत्या सेलोची रचना काढली होती.

"भिया, यात पियानो नाहीये," तिने रिकाम्या स्टुलाला अस्सल इंदुरी थाटात बजावलं आणि पेडलकडे बघत आणखी जोरात वाजवलं.

पेडल हळूच खाली गेलं.

आता घुमणारा सूर तिने अजून वाजवलाच नव्हता; तो पुढच्या ओळीतला होता.

ती ओळच गाळायची, तिने मनात ठरवलं. गज तारेला टेकायच्या आत पियानोतला सूर बदलला; आता तो त्या गाळलेल्या ओळीच्या पुढचा होता.