दुरुस्तीची मुदत

"साऱ्या सालायचे रिटर्न दुरुस्त करून द्या," वासुदेवराव म्हणाले आणि सरकारी दवाखान्याचा दाखला त्यांनी टेबलावर ठेवला. "पोरगी झाली तवापासूनचे."

शरयूताई वर्ध्यात व्यापाऱ्यांचे आयकराचे रिटर्न भरत. २०१५ सालचा मार्च संपत आलेला, ऑफिसात पाय ठेवायला जागा नाही, आणि अशा गर्दीत बी-बियाण्यांचे हे व्यापारी कारंज्याहून एसटीनं आले होते. सोबत धाकटी मुलगी होती, प्रेरणा, विशीतली. ती शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन नीट बसली होती.

दाखल्यात लिहिलं होतं की ही मुलगी जन्मापासून बहिरी आहे.

शरयूताईंना धक्काच बसला. रिटर्न भरताना दर वर्षी त्या विचारत, घरात कोणी अपंग आहे का, असेल तर करात सूट मिळते. आणि दर वर्षी वासुदेवराव छाती काढून सांगत, "सारे धडधाकट हायेत." रुपया-रुपयासाठी हुज्जत घालणारा माणूस, आणि हक्काची सूट त्यानं सुखासुखी सोडली होती.

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मोठीचं लग्न व्हायचं व्हतं ना मॅडम. दाखला काढला असता तं गावभर बोंब झाली असती. पाहुणे दारावरूनच वापस गेले असते. म्हून मी सांगत गेलो, पोरगी लाजरी हाय, बोलत नाई. लोकायलेबी पटलं." त्यांनी दाखला पुढे सरकवला. "आता झालं मोठीचं."

त्या लग्नाला शरयूताई गेल्या होत्या. व्यवस्था चोख होती, पंगती छान उठल्या होत्या. ही मुलगी मांडवात कुठे दिसल्याचं मात्र त्यांना आठवेना.

प्रेरणा आळीपाळीनं दोघांच्या ओठांकडे पाहत होती. शरयूताईंचं बोलणं तिला कळत होतं. वडील बोलताना खिडकीकडे तोंड करत. घरीदारी तिचा विषय निघाला की त्यांची मान अशीच वळत असणार, इतक्या सहज वळली ती.

"दोनच रिटर्न दुरुस्त होतील," शरयूताई म्हणाल्या. "आकारणीचं वर्ष संपलं की पुढं एक वर्ष मुदत असते. त्यानंतर दुरुस्ती नाही. त्याआधीची वर्षं गेली."

"दंड भरतो ना."

"दंड भरूनही होत नाही ते."

"मंग कागदावर ते तसंच राह्यते का? आमच्या घरी असं कोनी नाई म्हून?"

"राहतं. पण तुम्ही घाबरू नका हो. सूट मागितली नाही, इतकंच झालं. सरकारचं काही बुडालं नाही. कायद्यानं तुम्ही कुठं चुकलेलेच नाही."

हे ऐकून कोणीही सुटकेचा निःश्वास टाकला असता. वासुदेवरावांचा चेहरा पडला. कोणी रागवावं, एखादी नोटीस यावी, निदान चार लोकांत बोलणी खावी लागावीत, म्हणूनच जणू ते एवढ्या उन्हात आले होते. पण सरकारला त्यांच्या पोरीशी काही देणंघेणं नव्हतं. गुन्हा होता तो सगळा घरातला होता आणि त्याची दाद घ्यायला इथं कोणी बसलेलं नव्हतं. त्यांना फार एकटं वाटलं.

"बरं, दोन तं दोन," ते म्हणाले.

तेवढ्यात आपल्या रिटर्नच्या कागदांची पिशवी घेऊन बंडूजी आत आले. कारंज्यात वासुदेवरावांच्या दुकानासमोरच त्यांचं भांड्यांचं दुकान.

"अरे वा, प्रेरणाबाई वर्ध्याले आल्या!" ते मोकळेपणानं हसले. "काय वो पोरी, अजूनबी लाजूनच राह्यली का?"

मनात काही नव्हतं त्यांच्या. साऱ्या गावाला ठाऊक होतं तेच ते बोलले. वासुदेवरावांचं उत्तरही ठरलेलं होतं, ओठांवर आलंच होतं. शरयूताईंनी पेन खाली ठेवलं.

"लाजरी नाई ते, बंडूजी," वासुदेवराव खिडकीकडे पाहत म्हणाले. "तिले ऐकू येत नाई. जन्मापासून."

ऑफिसातले चार-पाच जण वळून पाहू लागले. "मले मालूमच नाई," बंडूजी पुटपुटले आणि उगाच आपली पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले.

प्रेरणाला बंडूजींचा उतरलेला चेहरा दिसला. आपल्याविषयीच काहीतरी बोललं गेलं, हे तिनं ओळखलं. तिनं हात लांब करून वडिलांची हनुवटी धरली आणि त्यांचं तोंड खिडकीवरून आपल्याकडे वळवलं.

वासुदेवरावांचे डोळे भरून आले होते.

"लाजरी नाई तू," ते सावकाश म्हणाले. "तुले ऐकू येत नाई."

तिनं त्यांच्या ओठांवरची नजर हलवली नाही. बोलणं संपलं तरी हनुवटीवरचा हात तसाच होता. दुसऱ्या हाताचं एक बोट तिनं वर केलं. आणखी एकदा सांगा.