फिल्टरचा डबा

विश्वेश सकाळपासून बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. गाडी जुनी, आणि दोन दिवसांपासून तिला ओढच नव्हती. ॲक्सिलरेटर दाबला की धाप लागल्यासारखी अडखळायची आणि मागून काळा धूर सोडायची. हवेचा रस्ता तुंबला असेल, घरीच साफ करून बघा, असं मेकॅनिकनं फोनवर सांगितलं होतं. आणि आजच आईला स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. ते शहराबाहेर, रिंग रोडला बसत.

त्यानं रबरी पाइप काढला. आतली झडप काजळीनं काळीभोर झाली होती. तिच्यावर क्लीनर फवारून तो जुन्या टूथब्रशनं ती घासू लागला.

"विश्वेश, माझ्या वाती बघितल्यास का रे?"

अन्नपूर्णाबाई पोर्चच्या पायरीवर बसल्या होत्या. इस्त्रीची साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन, केव्हाच्या तयार.

"नाही आई."

"काल दुपारभर वळत बसले होते. जिन्याखालच्या टोपलीत ठेवल्या. आज बघते तर निम्म्यासुद्धा नाहीत. कार्तिक तोंडावर आलाय, ब्रह्मा घाटावर दादाकडे दिव्यांना काय पाठवू?"

विश्वेशनं ब्रश बॅटरीवर आपटला. चिडला की त्याच्या तोंडी इथली हिंदी यायची. "बस करो ना, आई! वळल्याच नाहीस तू. वळल्या असं तुला वाटतं. डॉक्टरांनी किती वेळा समजावलं?"



उन्हाळ्यापासून हेच चाललं होतं. रोज वाती, रोज हीच विचारणा. शेवटी त्याची बायको सुरुची म्हणाली, आईंना दाखवून घेऊ या. मग गोळ्या सुरू झाल्या. गॅसजवळ जायचं नाही असं ठरलं. ब्रह्मा घाटावर भावाकडे एकटीनं जाणं बंद झालं. गोळ्यांनी त्यांना कधीकधी भरदुपारी गुंगी यायची आणि कापूस हातात तसाच राहायचा.

झडप चकचकीत झाली. पाइप जोडून विश्वेशनं किल्ली फिरवली. तीच धाप, तोच धूर.

"हद हो गई!" त्यानं दार धाडकन लावलं.

आता फिल्टरचा डबा तेवढा राहिला होता. त्याच्या क्लिपा गंजून घट्ट बसल्या होत्या. एक उघडताना स्क्रूड्रायव्हर सटकला आणि बोटाचं साल निघालं. तो मनातल्या मनात गाडीला, मेकॅनिकला, उन्हाला शिव्या घालत राहिला. शेवटी झाकण निघालं. त्यानं फिल्टर उचलला.

खाली पांढरं काहीतरी ठासून भरलं होतं. फिल्टरच फाटला की काय, असं वाटून त्यानं ते चिमटीत धरून ओढलं.

वात होती. नीट वळलेली, टोकाशी निमुळती. तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. मग त्यांचा एक गच्च बोळाच हाताला लागला. मधोमध उंदरानं खळगा केला होता. कडेनं लेंड्या पडल्या होत्या. हवा आत घेणारं तोंड कापसानं पार बुजून गेलं होतं.

विश्वेश तसाच वाकून राहिला. आई वातींखेरीज आणखी काय विसरली होती, ते तो आठवू लागला. कुणाचं नाव? एखादी तिथी? दूध उतू गेलं होतं एकदा, पण ते सुरुचीच्या हातून. त्याला काहीच आठवेना.

कचऱ्याची पिशवी पायाशीच होती. त्याची नजर तिच्याकडे गेली.

"काय रे, काय निघालं?" पायरीवरून आवाज आला.

त्यानं ओंजळ भरून तो कापूस नेला आणि आईच्या शेजारी पायरीवर ठेवला. अन्नपूर्णाबाईंनी त्यातली एक वात उचलली, चष्म्याजवळ नेली, तिच्यावरची धूळ फुंकली.

"माझीच आहे," त्या म्हणाल्या.

"हो." तो खालच्या पायरीवर बसला. त्याचे हात काळे झाले होते, ते कुठं ठेवावेत त्याला कळेना. "उंदरानं नेल्या सगळ्या. आई, मी तुला उगाचच... सॉरी, आई."

"गाडी चालेल ना आता?"

"चालेल. आधी डॉक्टरांना सांगू हे. सगळं सांगू."

"तुझं सॉरी राहू दे रे," त्या म्हणाल्या. "मलासुद्धा खरंच वाटायला लागलं होतं. रोज निजताना तुमची सगळ्यांची नावं म्हणून बघत होते. एखादं सुटतंय का ते."