डब्यांवरची नावं

हे गेल्यावर जुन्या मोटरसायकलींच्या पार्टचं आमचं दुकान मीच चालवलं. शाळा दुसरीपर्यंत, पण पिस्टन हातात घेतला की तो कुठल्या गाडीचा आणि किती झिजलाय, ते डोळे मिटून सांगते. आमच्या थोरल्याला मात्र वॉल्व्ह आणि बोल्ट यांतला फरक कधी कळला नाही.

तोच मागे लागला, "आई, सगळा माल एकदा निवडू. तू सांग, मी फोटो काढून डब्यांवर नावं चिकटवतो. तुझी विद्या तुझ्याबरोबर जायला नको."

"इतक्यात पाठवतोस होय रे मला, मेल्या?" म्हटलं खरं, पण मनातून फुलून गेले. उशिरा का होईना, पोराला बापाचा धंदा शिकायचाय! आठवडाभर कंबरडं मोडेस्तोवर पोती उपसली. क्लच प्लेटा, गिअर, रॉकर, एकूण एक ओळखून दिलं. हातचं काही राखलं नाही.

सोमवारी दुकानात गेले, तर दारावर नव्या नावाची पाटी आणि माझ्या खुर्चीत कुणी अनोळखी माणूस. थोरला कोपऱ्यात फोनमध्ये डोकं घालून बसला, वर बघेना.

तो माणूस हसून म्हणाला, "या आजी. कुठल्या गाडीचा पार्ट हवाय?"