खरीखुरी भांडणं

हिंगणघाटच्या गिरणी चाळीत छाया आणि शोभाबाईंच्या घरांमध्ये एकच भिंत होती. शोभाबाईंकडे रोज संध्याकाळी सासू-सुनेची मालिका मोठ्या आवाजात चालायची. छायालाही तीच आवडायची, पण तिच्या नवऱ्याला, गोपालला, एका घरात कोंडलेल्या माणसांची भांडणं दाखवणारा कार्यक्रम लागायचा.

"तुही सिरियल सारी खोटी राह्यते," तो म्हणायचा. "इथं खरीखुरी माणसं भांडून राह्यली. मजा याच्यात हाये."

त्या दिवशी छायाने रिमोट द्यायला उशीर केला. गोपालने तो हिसकावून तिच्या तोंडावर हाणला. दात तुटला. मग केस धरून त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. ती किंचाळली, आणि पलीकडच्या टीव्हीचा आवाज एकदम थांबला.

छायाला वाटलं, ऐकलं एकदाचं कोणीतरी. "शोभाबाई, या न वं. हा मले मारून टाकते," ती जिवाच्या आकांताने ओरडली. ती दाराकडे बघत असतानाच गोपालने तिच्या तोंडात टॉवेल कोंबला.

दारावर थाप पडलीच नाही.

सकाळी नळावर शोभाबाईंनी तिचं सुजलेलं तोंड पाहिलं, आपली बादली सरकवली आणि तिला आधी पाणी भरू दिलं.



"काल मधातच चूप काऊन झाली वं?" त्या हळूच म्हणाल्या. "आमी त सिरियलचा आवाज बंद करून बसलो होतो."